वॅगन आरचा क्लच: घरी बदलावा की गॅरेजला द्यावा?

डोंगरवाट (शनिवार, सकाळी ७.४०)

नमस्कार. माझ्याकडे २०१२ सालची, ९९८ सीसी पेट्रोल इंजिनाची वॅगन आर आहे आणि ती १,१८,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढत असताना चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढत गेला, पण गाडीचा वेग जागचा हलेना. तिसरा गिअर टाकल्यावर गाडी कशीबशी वर आली आणि माथ्यावर थांबल्यावर जळक्या अस्तराचा वास आला. सिंहगड रोडवरच्या रोजच्या गर्दीत हा त्रास अजून फारसा जाणवत नाही.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने क्लच प्लेट, तिला इंजिनाच्या फिरत्या तबकडीवर म्हणजे फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग मिळून मजुरीसह ९,४०० रुपये सांगितले आहेत. जवळच्या एका गॅरेजने ६,८०० सांगितले. नुसता तीन भागांचा संच मला बाजारात ३,९०० रुपयांना मिळतो आहे. माझ्याकडे सॉकेटचा पूर्ण संच, ट्रॉली जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी तोलून धरणारे स्टँड) आणि टॉर्क पाना आहे. ब्रेक पॅड, अल्टरनेटरचा पट्टा आणि क्लचची केबल मी पूर्वी स्वतः बदललेली आहे, पण गिअरबॉक्स कधी उतरवलेला नाही.

खरे कारण पैशाचे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. मागच्या वर्षी एका गॅरेजने माझ्या बिलात पुढच्या सस्पेन्शनचे बुश लावले होते आणि गाडीत मात्र जुनेच बुश होते. तेव्हापासून गाडी कोणाच्या स्वाधीन करून घरी येणे मनाला पटत नाही. गाडी सोसायटीच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उभी असते. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत हे काम घरी होण्यासारखे आहे का?

हिशेबनीस (शनिवार, सकाळी ९.१५)

गॅरेजच्या आकड्यातून संचाची किंमत वजा केली, तर आपण २,९०० रुपये वाचवण्याच्या गोष्टी करत आहोत. त्यातून नवे गिअर ऑइल, ॲक्सलच्या दोन सील, क्लच मध्यावर बसवण्याची दांडी आणि ब्रेक क्लीनरचा डबा यांचे पैसे वजा करा. काम रविवारी संपले नाही, तर सोमवारी ऑफिसला जाण्याचे रिक्षाचे पैसेही वजा करा. हाती हजार रुपये उरले तरी पुष्कळ झाले. किमतीची चौकशी नव्याने करावी, असेही सुचवतो, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला आहे आणि पूर्वी २८ टक्क्यांत असलेल्या भागांची जुनी किंमत सांगणारे दुकानदार मी स्वतः पाहिले आहेत.

बाराचौदा (शनिवार, सकाळी ११.०५)

मी वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षे काढली आणि आता नाशिकला निवृत्तीत आहे. संच विकत घेण्यापूर्वी क्लच खरोखर संपला आहे का, ते पाहा. आपल्या गाडीचा क्लच केबलवर चालतो. अशा गाडीत केबल प्रमाणाबाहेर ताणलेली असेल, तर रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर कायम दाबलेले राहते. म्हणजे आपण पेडलवर पाय न ठेवताही क्लच थोडा दाबलेलाच असतो. मग प्लेट चांगली असूनही घसरते आणि घसरून घसरून लवकर जळते.

कसे पाहायचे ते सांगतो. बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरची क्लचची लिव्हर शोधा, म्हणजे जिथे केबलचे टोक येऊन नट लागतो ती. गाडी बंद असताना ती लिव्हर हाताने हलवा. ताण लागण्यापूर्वी ती साधारण दोन ते चार मिलिमीटर मोकळी हलली पाहिजे; नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला धरावा. लिव्हर मुळीच हलत नसेल, तर नट थोडा मागे घेऊन मोकळीक आणा.

त्यानंतर रिकाम्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. टॅकोमीटरचा काटा झटकन वर गेला आणि वेग त्याच्या मागे राहिला, तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदा, फार तर दोनदा घ्यावी. हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन बंद पडते का ते पाहण्याची पद्धतही पुष्कळ जण सांगतात, पण खात्री होईपर्यंत ती पुनःपुन्हा करत बसलेला माणूस उरलेला क्लच त्या परीक्षेतच जाळून टाकतो.

डोंगरवाट (शनिवार, संध्याकाळी ६.३०)

काका, आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. लिव्हर दगडासारखी घट्ट होती. केबलच्या टोकावरचा नट आट्यांच्या अगदी शेवटापर्यंत आत गेलेला होता आणि त्याच्या कडा पक्कडीने धरल्यासारख्या चावलेल्या होत्या. मी केबल बदलली तेव्हा दहाचा पाना वापरला होता, त्यामुळे हा उद्योग माझा नाही. मागच्या सर्व्हिसिंगला ‘पेडल फार खाली लागते’ अशी तक्रार मीच केली होती, तिच्यावर कोणीतरी हा इलाज केला असावा.

नट सात फेरे मागे घेतल्यावर लिव्हर तीन मिलिमीटरच्या आसपास हलू लागली. नंतर रस्त्यावर परीक्षा घेतली. घसरणे पूर्वीपेक्षा कमी झाले आहे, पण थांबलेले नाही. चौथ्या गिअरमध्ये काटा अजूनही वेगाच्या पुढे पळतो. म्हणजे जे जळायचे ते जळून गेले, असे मी समजतो.

ओमनीधारक (शनिवार, रात्री ८.५०)

बिनधास्त करा. मी सांगलीला आमच्या अंगणात २००६ सालच्या ओमनीचा क्लच धाकट्या भावाच्या मदतीने बदलला. पहिल्या दिवशी गिअरबॉक्स खाली आणला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडी चालू झाली. त्यानंतर ती गाडी तीन वर्षे भाजीच्या क्रेटसकट धावली आणि मग विकली. ज्याने ब्रेक आणि पट्टा केला आहे, त्याला हे काम अवघड जाऊ नये. लोक उगाच बाऊ करतात.

बाराचौदा (रविवार, सकाळी ८.२०)

ओमनीधारक, आपण केलेल्या कामाचे कौतुकच आहे, पण ते उदाहरण इथे लागू पडत नाही. ओमनीचे इंजिन पुढच्या सीटखाली उभे बसवलेले असते आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे सरळ रेषेत असतो. प्रोपेलर शाफ्ट सोडला, चार जोडण्या काढल्या आणि खालून आधार दिला, की गिअरबॉक्स मागे सरकून खाली येतो. वॅगन आरमध्ये इंजिन आडवे आहे आणि गिअरबॉक्सच्या पोटातून दोन ॲक्सल पुढच्या चाकांकडे जातात. म्हणून आधी गिअर ऑइल सांडावे लागते, चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बॉल जॉइंट सोडवून चाकाचा भाग बाहेर ओढावा लागतो आणि ॲक्सल उपसताना सीलच्या ओठाला ओरखडा पडू द्यायचा नाही, हे सांभाळावे लागते. त्यानंतर इंजिनाच्या सम्पखाली (तळाच्या तेलाच्या टाकीखाली) लाकडाचा ठोकळा ठेवून आधार दिल्यावरच त्या बाजूचे माउंटिंग काढता येते, नाहीतर इंजिन एका अंगावर लटकते.

तरीही काढण्याचे काम सोपेच म्हणायचे, कारण खाली येताना वजन आपल्या बाजूने असते. नवख्या माणसाची परीक्षा गिअरबॉक्स परत चढवताना होते. नवी प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये नेमकी मध्यावर धरलेली असली पाहिजे, कारण गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट तिच्या दातेरी भोकातूनच आत जायचा असतो. केसाइतकी चूक राहिली, तरी गिअरबॉक्स बोटभर अंतरावर येऊन अडतो. अंधारात, गाडीखाली पाठीवर पडून, छातीवर गिअरबॉक्स तोलून धरलेला माणूस अशा वेळी दोन घातक गोष्टी करतो. एक, तो दमून गिअरबॉक्स तसाच इनपुट शाफ्टवर लटकत ठेवतो, त्याने प्लेटचा मधला भाग वाकतो आणि नवी प्लेट घातलेली गाडीसुद्धा पहिल्या गिअरमध्ये थरथरत निघते. दुसरी गोष्ट, तो गिअरबॉक्सच्या कवचाचे बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून बसवायला जातो आणि बोल्ट लागतो तो ॲल्युमिनियमचा कान तडकतो. जो गिअरबॉक्स हाताच्या ढकलण्याने डॉवेलवर (जागा नेमकी धरणाऱ्या खुंट्यांवर) बसत नाही, त्याला बोल्ट लावायचाच नाही; खाली आणून प्लेट पुन्हा मध्यावर घ्यायची.

आणखी काही बारकावे. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे, हे तिच्यावर छापलेले असते, ते वाचावे. उलटी बसवलेली प्लेट मी तीन वेळा परत उतरवली आहे आणि त्यातली एक माझीच होती. नव्या प्रेशर प्लेटच्या चकचकीत भागावर गंजू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो क्लीनरने पुसावा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करून आवळावेत. आतली काळी धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी, कारण बिननावाच्या जुन्या प्लेटच्या अस्तरात काय होते ते कोणी सांगू शकत नाही.

तेव्हा माझे मत असे: खाली लिफ्ट किंवा खड्डा असेल, जोडीला हे काम केलेला एक माणूस असेल आणि गाडी चार दिवस उभी राहिली तरी चालणार असेल, तर जरूर करावे. यांपैकी एक जरी गोष्ट कमी असेल, तर मी माझ्या मुलालाही परवानगी दिली नसती.

दूरदेशी (रविवार, दुपारी १.३५)

मी गेली अकरा वर्षे जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतो. इथे हाच हिशेब उलटा होतो, म्हणून लिहितो. इथल्या गॅरेजचा मजुरीचा दर ताशी शंभर युरोंच्या वर आहे आणि क्लचचे काम पाच-सहा तासांचे धरतात. त्यामुळे सुट्या भागांपेक्षा मजुरी जड होते आणि पुष्कळ लोक हात काळे करायला तयार होतात. त्यांच्यासाठी इथे स्वतः दुरुस्ती करण्याची भाड्याची गॅरेजे आहेत: तासावर लिफ्ट मिळते, गिअरबॉक्स धरायचा उभा जॅक मिळतो, अवजारे मिळतात आणि अडले तर विचारायला एक जाणकार माणूस तिथे असतो. मी माझ्या डिझेल गोल्फचा क्लच अशाच जागी बदलला. तिच्यात दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील असते, ते ढिले झालेले निघाल्याने खर्च अंदाजाच्या दुप्पट झाला, ते वेगळे. शिवाय तिथे केबलऐवजी हायड्रॉलिक सिलिंडर गिअरबॉक्सच्या आतच बसलेला असल्याने तोही सोबत बदलावा लागला.

सांगायचे इतकेच की मला धीर आला तो लिफ्टमुळे. गाडी डोक्याच्या वर होती आणि मी उभा राहून काम करत होतो. पाठीवर पडून मी ते केले नसते.

नवखाचालक (रविवार, दुपारी ३.१०)

थोडे विषयाला धरूनच विचारतो. माझी सेलेरिओ एएमटी आहे, तिला क्लचचे पेडलच नाही. तिचाही क्लच संपतो का?

बाराचौदा (रविवार, दुपारी ३.४०)

संपतो. एएमटीमध्ये नेहमीचाच क्लच आणि नेहमीचाच गिअरबॉक्स असतो, पेडल दाबण्याचे काम तेवढे यंत्र करते. मात्र नवा क्लच कुठे पकडतो, हे त्या यंत्राला स्कॅनर लावून नव्याने शिकवावे लागते. त्यामुळे तो घरी करण्याचा विचारच करू नये. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरण्याची सवय असेल, तर ती मात्र आजच सोडा.

माजघर (रविवार, संध्याकाळी ५.२५)

डोंगरवाट यांनी जागेबद्दल एकच वाक्य लिहिले आहे, पण माझ्या मते निर्णय तिथेच होतो. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत. माझ्या यजमानांनी त्यावर घोडी लावून गाडीचा सायलेन्सर काढायला घेतला, तेव्हा अर्ध्या तासात घोडीचा एक पाय ब्लॉकच्या सांध्यात बोटभर रुतला. सुदैवाने ते त्या वेळी चहाला वर आले होते. तेव्हापासून आमच्याकडे घोडीखाली जाड प्लायवूड घातल्याशिवाय कोणी गाडीखाली जात नाही. गिअरबॉक्स ओढताना गाडीला जो हिसका बसतो, तो सायलेन्सरच्या कामात बसत नाही, हेही लक्षात घ्यावे.

दुसरे असे की आपला खरा प्रश्न विश्वासाचा आहे आणि त्यासाठी स्वतः गाडीखाली जाण्याची गरज नाही. मी दोन वर्षांपूर्वी आमच्या गाडीचा क्लच बदलून घेतला, तेव्हा तीन गॅरेजांना एकच प्रश्न विचारला: ‘गिअरबॉक्स खाली आल्यावर मला फोन कराल का, आणि मी येईपर्यंत थांबाल का?’ दोघांनी टाळाटाळ केली. तिसऱ्याने ‘ताई, सकाळीच या आणि स्टुलावर बसा’ म्हणून सांगितले. मी त्यालाच काम दिले. जुने भाग पिशवीत घालून घरी आणले. संच आपण स्वतः आणून दिला, तर काही गॅरेजवाले कामाची हमी देत नाहीत, ते मात्र आधी बोलून घ्यावे.

ओमनीधारक (रविवार, संध्याकाळी ७.००)

बाराचौदा यांचे म्हणणे मान्य. आडव्या इंजिनाची गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. तरीही शिकण्याची हौस म्हणून काही असते की नाही?

हिशेबनीस (रविवार, संध्याकाळी ७.२०)

असते, आणि तिची किंमत मी वर धरलेली नाही. पण हौस भागवायची, तर रोजची गाडी सोडून दुसऱ्या गाडीवर भागवावी.

डोंगरवाट (पुढचा रविवार, सकाळी १०.१०)

सर्वांचे आभार. काल काम झाले, त्याचा सविस्तर वृत्तांत देतो.

माजघर यांचा प्रश्न मी चार गॅरेजांना विचारला. धायरीतल्या एका लहान गॅरेजच्या मालकाने संच मी आणावा, मजुरी ३,००० रुपये, गिअर ऑइल आणि सील लागतील तसे, असा व्यवहार ठरवला आणि मजुरीपुरती सहा महिन्यांची हमी दिली. मी सकाळी नऊ वाजता पोहोचलो. दोन माणसे आणि दोन खांबी लिफ्ट असूनही गिअरबॉक्स खाली यायला सव्वादोन तास लागले. डाव्या बॉल जॉइंटचा बोल्ट गंजून धरला होता. नुसत्या त्या एका बोल्टवर चाळीस मिनिटे गेली. माझ्या पार्किंगमध्ये शनिवार तिथेच संपला असता.

जुनी प्लेट हातात घेतली, तेव्हा एका बाजूचे अस्तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजलेले होते आणि फ्लायव्हीलवर त्या रिव्हेटांनी काढलेली बारीक वर्तुळे नखाला लागत होती. मधे मधे जळून निळे पडलेले डागही होते. मालकांनी पॉलिश पेपरने फ्लायव्हील घासले आणि चर खोल नसल्याने ते बदलण्याची गरज नाही, असे सांगितले. रिलीज बेअरिंग हातात फिरवले तर वाळू भरल्यासारखे खरखरत होते.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) तळाशी काळी, ओलसर धूळ साचली होती. मला ती क्लचची नेहमीची धूळ वाटली. मालकांनी बोटावर घेऊन वास घेतला आणि हे गिअर ऑइल नसून इंजिन ऑइल आहे, असे सांगितले. गिअर ऑइलचा उग्र वास वेगळा ओळखू येतो म्हणे. क्रँकची मागची सील, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा फ्लायव्हीलकडे बाहेर येतो तिथली तेल अडवणारी कडी, पाझरत होती. त्यासाठी फ्लायव्हीलही उतरवावे लागले. सील ३५० रुपयांची होती, वर मजुरीचे ५०० वाढले. मी घरी काम केले असते, तर ती धूळ काकांच्या सल्ल्याप्रमाणे ओल्या फडक्याने व्यवस्थित टिपली असती आणि पाझरत्या सीलसमोर नवी कोरी प्लेट बसवली असती.

गिअरबॉक्स चढवताना मला एका बाजूने हात लावू दिला. पहिल्या दोन वेळा तो बोटभर अंतरावर अडला. तिसऱ्या वेळी मालकांनी पान्याने इंजिन किंचित फिरवायला सांगितले, तसा ‘टक्’ आवाज होऊन तो आपल्या जागेवर गेला. गाडी साडेचार वाजता लिफ्टवरून उतरली. संच, मजुरी, सीली आणि ऑइल मिळून एकूण ८,६०० रुपये लागले.

बाराचौदा (पुढचा रविवार, दुपारी १२.००)

मालक कामाचा माणूस दिसतो, त्याला धरून राहा. वासाचा मुद्दा मी आधीच लिहायला हवा होता, तो माझ्याकडून राहिला. आता पहिले पाचशे किलोमीटर चढावर हाफ क्लचवर गाडी धरू नका, हँडब्रेक वापरा. अस्तर जसे झिजते तशी केबलची मोकळीक कमी होत जाते, हे केबलच्या गाडीत विसरून चालत नाही. म्हणून हजार किलोमीटर झाल्यावर लिव्हर पुन्हा हलवून पाहा, आणि पेडल खाली लागते अशी तक्रार कुठे करू नका. नट स्वतः फिरवा.

डोंगरवाट (पुढचा रविवार, दुपारी १२.३५)

चावलेला नट बदलून नवा लावला आहे. काल रात्री तीन मिलिमीटर मोकळीक ठेवून आवळला, तेव्हा त्याच्या मागे अकरा आटे उघडे दिसत होते. तो आकडा सर्व्हिस बुकात आजच्या किलोमीटरसह लिहून ठेवला आहे.